लेस्टरला येऊ नका

१५ सप्टेंबर १९७२ या दिवशी कंपालाच्या 'युगांडा आर्गस' या दैनिकात एक जाहिरात छापून आली. ती दिली होती इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने. तिला काही विकायचं नव्हतं, कुणाला नोकरी द्यायची नव्हती. वाचणाऱ्यांनी आपल्या शहरात येऊ नये, एवढंच सांगायचं होतं. घरांसाठी हजारो कुटुंबं आधीच रांगेत आहेत, शेकडो मुलांना शाळेत जागा मिळायची आहे, आरोग्यसेवा आणि इतर सेवांवर आधीच ताण आहे. तेव्हा तुमच्या आणि तुमच्या घरच्यांच्या भल्यासाठी लेस्टरचा विचार सोडा, असा तिचा आशय होता.

ज्यांच्यासाठी ती छापली त्यांच्या हाती तेव्हा आठ आठवडेही उरले नव्हते. ४ ऑगस्टला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाई लोकांना देश सोडायला सांगितलं होतं आणि मुदत दिली होती ९० दिवसांची. दुकान, घर, गाडी, बँकेतला पैसा सगळं मागे टाकायचं आणि बरोबर न्यायचे जेमतेम ५० पौंड. विमानतळाच्या वाटेवर लष्कराच्या नाक्यांवर अंगावरचे दागिनेही काढून घेतले जात होते. अशा माणसांना दूरचं एक शहर अदबीने कळवत होतं की आमच्याकडे येऊ नका.

जाहिरातीत एकही अपशब्द नाही, म्हणूनच मला ती महत्त्वाची वाटते. परक्या माणसाला नाकारायची सभ्य भाषा कशी असते, याचा तो नमुना आहे. त्यातली माहिती खोटीही नव्हती. घरांची यादी खरंच लांब होती. चार वर्षांपूर्वी केनियातून आलेली आशियाई कुटुंबं शहरात नुकती स्थिरावत होती. प्रश्न इतकाच आहे की नकाराचं खरं कारण ती यादी होती का.

आधी थोडं मागे जायला हवं, कारण अविश्वासाची ही गोष्ट इंग्लंडमध्ये सुरू होत नाही. पूर्व आफ्रिकेतला रेल्वेमार्ग बांधायला इंग्रजांनी १८९६ पासून भारतातून सुमारे ३२,००० करारी मजूर नेले. त्यातले बरेच परतले, अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले, काही हजार राहिले. त्यांच्या मागोमाग, पण स्वतंत्रपणे, गुजरातेतले व्यापारी गेले. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात. तो आपल्या दुकानाचाच भाऊबंद. गोव्याहून गेलेले लोक सरकारी कचेऱ्यांत कारकून झाले. वसाहतीची रचनाच अशी होती की राज्य गोऱ्यांचं, व्यापार आणि कारकुनी हिंदी लोकांची, आणि शेती व अंगमेहनत आफ्रिकी माणसाची. तिघं रोज एकमेकांना भेटत, पण गल्ल्याच्या अलीकडून आणि पलीकडून. कापसाचा भाव ठरवणारा आणि कापूस विकणारा यांच्यात ओळख होते, मैत्री होतेच असं नाही.

आफ्रिकी माणसाचा राग निराधार नव्हता. दुकानातल्या नोकराला मिळणारी वागणूक, भावातली लबाडी, आपल्यातच राहण्याची आणि आपल्यातच लग्न करण्याची सवय, हे सगळं तो पाहत होता. डिसेंबर १९७१ मध्ये अमीनने आशियाई पुढाऱ्यांना बोलावून जे आरोप केले त्यात तुमच्या मुली आफ्रिकींशी लग्न करत नाहीत हाही होता. व्यापारातल्या खऱ्या तक्रारीला त्याने संस्कृतीच्या वेगळेपणाचा रंग दिला आणि मग सबंध समाजाला एकाच मापाने शिक्षा केली. त्यात गल्ल्यावर बसून लुबाडणारा होता, गावात औषध देणारा होता, शाळेत शिकवणारा होता आणि युगांडाचं नागरिकत्व रीतसर घेतलेलाही होता. मूळ गोव्याच्या कुटुंबातले आणि युगांडाच्या अर्थखात्यात काम केलेले लेखक पीटर नाझरेथ यांची 'इन अ ब्राउन मँटल' ही कादंबरी १९७२ सालीच प्रसिद्ध झाली. आशियाई लोकांच्या हकालपट्टीची चाहूल तिच्यात आधीच लागलेली होती.

आता इंग्लंडकडे वळू. निघालेल्या लोकांपैकी हजारोंकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. ते कुणाच्या दारात भीक मागायला जात नव्हते. कागदावर ते त्याच देशाचे होते. पण १९६८ साली, केनियातून आशियाई लोक येऊ लागताच, ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत एक कायदा करून टाकला. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी ब्रिटनमध्ये जन्मलेलं नसेल, तर तुमचा पासपोर्ट ब्रिटिश असूनही मोकळा प्रवेश नाही. कुणाचे आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले असणार आणि कुणाचे नाही, हे सांगायला कायद्यात कातडीचा रंग लिहायची गरज नव्हती. पुढे १९७३ साली युरोपच्या मानवी हक्क आयोगाने त्या वागणुकीला वंशभेद म्हटलं, आणि तोही माणसाचा अवमान करण्याच्या पातळीचा.

'त्यांची संस्कृती वेगळी आहे, म्हणून त्यांना सामावून घेणं अवघड' हे वाक्य त्या काळात सतत ऐकू येई. ते तपासायची एक चांगली संधी १९६७ सालीच मिळाली होती. लंडनमधल्या एका संशोधन संस्थेने डब्ल्यू. डब्ल्यू. डॅनियल यांच्या देखरेखीखाली एक चाचणी घेतली. एकाच नोकरीसाठी, भाड्याच्या एकाच खोलीसाठी तीन माणसं पाठवायची: एक इंग्रज, एक हंगेरीतून आलेला गोरा स्थलांतरित, आणि एक वेगळ्या वर्णाचा स्थलांतरित. शिक्षण, अनुभव, पैसे देण्याची ऐपत सारखी. हंगेरियन माणसाचे उच्चार परके होते. वेस्ट इंडिजहून आलेल्या माणसाची भाषा इंग्रजी, शाळा इंग्रजी वळणाची, खेळ क्रिकेट. संस्कृतीचं अंतर हेच नकाराचं कारण असतं तर हंगेरियनाला जास्त नकार मिळायला हवे होते. झालं उलट. हंगेरियनाला इंग्रजापेक्षा थोडी कमी, पण बऱ्यापैकी वागणूक मिळाली; वेगळ्या वर्णाच्या माणसासाठी खोली नुकतीच गेलेली असायची आणि जागा नुकतीच भरलेली असायची.

ही चाचणी मला फार मोलाची वाटते. आपण ज्याला संस्कृतीतला फरक म्हणतो तो पुष्कळदा निर्णयानंतर शोधलेलं कारण असतो. मुंबईत घर शोधणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 'आमच्या सोसायटीत ते चालत नाही' या वाक्यातलं 'ते' म्हणजे मासळीचा वास की माणूस, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. २०२३ साली मुंबईच्या उपनगरात मराठी माणसालाच जागा नाकारल्याची बातमी आली, तेव्हा आपल्याला केवढा संताप आला होता. तो रास्त होता. तोच संताप आपल्या इमारतीत दुसऱ्या कुणाला नकार मिळतो तेव्हा येतो का, हे ज्याचं त्याने पाहावं.

नकार कागदावर सोपा असतो, हेही जुनंच निरीक्षण आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियर १९३० च्या सुमारास एका तरुण चिनी जोडप्याबरोबर मोटारीने देशभर फिरले. चिनी लोकांबद्दल तेव्हा अमेरिकेत उघड तिरस्कार होता. हॉटेलं, मुक्कामाच्या जागा, खानावळी मिळून अडीचशेच्या वर ठिकाणी ते गेले, आणि नकार मिळाला फक्त एकदा. सहा महिन्यांनी लापियरनी त्याच ठिकाणांना पत्र लिहून विचारलं, चिनी गिऱ्हाईक तुम्ही घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी नाही म्हटलं. १९३४ साली त्यांचा यावरचा लेख प्रसिद्ध झाला. समोर उभं असलेलं जोडपं नीटनेटकं होतं, हसून बोलत होतं आणि त्यांच्याबरोबर एक गोरा प्राध्यापक होता, हे विसरून चालणार नाही; तो नसता तर कदाचित आकडा वेगळा असता. तरीही पत्रातला 'चिनी' आणि दारात उभा असलेला माणूस या दोन निराळ्या गोष्टी असतात, हे त्यातून दिसलं.

लेस्टरच्या नगरपालिकेनेही पत्रच लिहिलं होतं.

माणसं दारात आली ती १८ सप्टेंबरपासून. पहिलं विमान स्टॅनस्टेड विमानतळावर उतरलं. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. त्यांतल्या बहुतेकांची सोय ओस पडलेल्या लष्करी छावण्यांत केली होती; अशी सोळा केंद्रं होती. शरद ऋतूतली थंडी, लोखंडी खाटा, बिनमसाल्याचं जेवण. मुंबईत जन्मलेले आणि कंपालात वाढलेले महमूद ममदानी लंडनमधल्या एका केंद्रात होते. त्यांनी त्यावर 'फ्रॉम सिटिझन टू रेफ्युजी' हे पुस्तक लिहिलं. कालचा नागरिक आज निर्वासित झाला की त्याच्याकडून सतत कृतज्ञतेची अपेक्षा कशी होते, हे त्यात येतं. दुसरी बाजूही खरी आहे. गरम कपडे आणून देणाऱ्या, मुलांना शाळेत दाखल करायला मदत करणाऱ्या इंग्रज स्वयंसेविका हजारोंनी होत्या. लंडनमध्ये मांस बाजारातले हमाल या लोकांविरुद्ध मोर्चा काढत होते, त्याच देशात या बायका स्वेटर जमवत होत्या.

ब्रिटिश सरकारच्या पुनर्वसन मंडळाने शहरांचे दोन भाग पाडले. 'लाल' भागात गर्दी आहे, तिथे जाऊ नये. 'हिरव्या' भागात जावं. लेस्टर लाल यादीत होतं. लोकांनी यादी ऐकून घेतली आणि हजारोंनी लेस्टरच गाठलं. काहींना तर शहराचं नाव त्या जाहिरातीतूनच कळलं, असं नंतर अनेकदा सांगितलं गेलं. पण मुख्य कारण साधं होतं. तिथे मावसभाऊ होता, गाववाला होता. तो चार दिवस खोलीत झोपू देणार होता, कारखान्यात मुकादमाशी बोलणार होता, भाजी कुठे मिळते ते दाखवणार होता.

मराठीत यासाठी 'पत' हा नेमका शब्द आहे. पैसा संपला तरी पत उरते. कंपालातलं दुकान गेलं, पण अमक्याचा मुलगा उधार बुडवणार नाही, ही खात्री लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या ओळखीच्या माणसाला होती. भिशीसारख्या आपसांतल्या फेरीतून भांडवल उभं राहिलं आणि पडीक दुकानांची शटरं उघडली. बँकेत ही पत चालत नव्हती, कारण बँकेला तो माणूस ठाऊक नव्हता. आपल्यातच राहणाऱ्यांवर सरमिसळ न होण्याचा ठपका नेहमी येतो. पण ज्याला बाहेर खोली मिळत नाही, कर्ज मिळत नाही, तो आपल्या माणसाकडेच जाणार. आधी दारं बंद करायची आणि मग ते आपल्यातच राहतात म्हणायचं, हा अन्याय आहे आणि तो अजूनही जगभर चालू आहे.

खरा कस लागला कारखान्यात. लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्स कारखान्यात बरेच मजूर पूर्व आफ्रिकेतून आलेले आशियाई होते. १९७४ च्या वसंतात त्यांच्या लक्षात आलं की १६८ नगांनंतर बोनस देण्याचं ठरलेलं असताना आपल्याला तो २०० नगांनंतर मिळतोय. १ मे रोजी ३९ जण बाहेर पडले, बघता बघता संख्या ५०० च्या घरात गेली. त्यांनी साहजिकच कामगार संघटनेकडे पाहिलं. वर्गणी ते भरतच होते. संघटनेच्या स्थानिक पुढाऱ्याने संपाला मान्यता नाकारली. या लोकांनी ठरलेली रीत पाळली नाही, असं त्याचं म्हणणं. संप तीनएक महिने चालला. पुढच्या वर्षी कारखानाच बंद झाला. त्याआधी, १९७२ च्या शेवटी, शेजारच्या लफबरो गावात विणकामाच्या कारखान्यातही आशियाई मजुरांचा संप झाला होता. यंत्रावरच्या चांगल्या पगाराच्या जागा त्यांना मिळत नव्हत्या आणि तिथेही संघटनेची साथ नावापुरतीच होती.

या दोन संपांना मी सांस्कृतिक प्रश्न म्हणणार नाही. कुणाच्या पगडीचा, देवाचा, जेवणाचा तिथे संबंध नव्हता. माप सगळ्यांना एकच लावा, एवढं ते मागत होते. परक्या समाजावर विश्वास ठेवायला शिका असं आपण नव्या माणसाला सांगतो, तेव्हा ज्या मापाने त्याचं काम मोजलं जातं ते माप खरं आहे का, हे त्याने आधी पाहणं अगदी रास्त आहे. विश्वास हा न्यायाच्या मागून येतो. आपण मात्र उलटा क्रम सांगत असतो: आधी आमच्यासारखे व्हा, मग विश्वास ठेवू, मग सारखं वागवू.

क्रम सुलटा लागला की काय होतं ते १९७६ साली लंडनमध्ये दिसलं. ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात गुजरातेत जन्मून टांझानियामार्गे आलेल्या जयाबेन देसाईंनी संप पुकारला. काम करणाऱ्या बहुतेक आशियाई बायका. यावेळी संघटना पाठीशी उभी राहिली. शेजारच्या टपाल कचेरीतल्या गोऱ्या कामगारांनी कारखान्याची डाक हाताळायला नकार दिला. यॉर्कशायरचे खाणकामगार बसने येऊन साडी नेसलेल्या बायकांच्या शेजारी उभे राहिले. संप जवळजवळ दोन वर्षं चालला आणि १९७८ साली हरला. नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. पण त्या फाटकासमोर उभ्या राहिलेल्या माणसांना एकमेकांची संस्कृती समजावून घ्यायला कुठल्या शिबिराला जावं लागलं नाही.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच म्हटलं होतं की नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाही. भेटणाऱ्यांचा दर्जा बरोबरीचा हवा, काम सामायिक हवं, ते एकमेकांच्या मदतीने करायचं हवं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. युगांडातल्या दुकानात रोजची भेट होती, पण यातली एकही अट पुरी होत नव्हती. ग्रनविकच्या फाटकावर चारही होत्या. आपल्याकडे उत्तर प्रदेशात अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी क्रिकेटचे सामने भरवून हेच तपासलं. वेगवेगळ्या जातींचे तरुण एकाच संघात खेळले तेव्हा जातीबाहेरची मैत्री वाढली. समोरासमोरच्या संघांत खेळले तेव्हा तसं झालं नाही. मैदान तेच, चेंडू तोच, फक्त धावा कुणाच्या खात्यात जमा होतात तेवढा फरक.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावा लपवू नये. अमेरिकेतले रॉबर्ट पुटनम यांनी ४१ ठिकाणच्या सुमारे ३०,००० लोकांना विचारलेल्या प्रश्नांच्या आधारे २००७ साली लिहिलं, की जिथे निरनिराळ्या वंशांचे लोक जवळजवळ राहतात तिथे शेजाऱ्यांवरचा विश्वास कमी दिसतो, आणि आपल्याच वंशाच्या शेजाऱ्यावरचाही. कासवाने अवयव आत ओढून घ्यावेत तशी माणसं घरात बसतात. स्थलांतराच्या विरोधकांनी हा निष्कर्ष उचलून धरला. पुटनमनी त्याच लेखात पुढे म्हटलेलं मात्र फारसं कुणी सांगितलं नाही: दीर्घ काळात समाज 'आपण' या शब्दाची व्याप्ती वाढवतो आणि हा दुरावा ओसरतो. इतर संशोधकांनी दाखवलं की गरिबी, सतत बदलणारे भाडेकरू, असुरक्षित वस्ती यांचा हिशेब धरला की वेगळेपणाचा दोष बराच हलका होतो. तरी पहिल्या वर्षांतला अवघडलेपणा खरा असतो. जिन्यात अनोळखी भाषा ऐकू आली की एकट्या म्हाताऱ्या बाईला धास्ती वाटते; तिला वंशद्वेष्टी म्हणून मोकळं होणं हाही अन्यायच.

जर्मनीतल्या रेल्वे फलाटांवर अलीकडे एक प्रयोग झाला, तो मनातून जात नाही. एक माणूस कागदी पेला खाली टाकतो. एक तरुणी त्याला हटकते: उचला तो. थोड्या वेळाने फोनवर बोलताना तिच्याच पिशवीतून संत्री सांडतात. आजूबाजूचे लोक वेचायला मदत करतात का, हे मोजायचं. कधी ती जर्मन दिसते, कधी परदेशी, कधी डोक्यावर हिजाब. वेगळा चेहरा एवढ्यानेच फार फरक पडला नाही, हिजाबने पडला. सार्वजनिक नियमाची काळजी घेतलेल्या हिजाबवालीला जास्त मदत मिळाली. पण तेवढं करूनही ती साध्या जर्मन बाईच्या बरोबरीला आली नाही. म्हणजे नव्याने आलेल्याला नियम पाळून, चांगलं वागून अर्धी वाट कापता येते. उरलेली अर्धी त्याच्या हातात नसते, आणि तिथे कायदा लागतो. ब्रिटनने १९६५, १९६८ आणि १९७६ साली वंशभेदाविरुद्ध तीन कायदे करत ती वाट थोडी थोडी मोकळी केली. मन बदलण्याची वाट पाहिली असती तर इम्पीरियलच्या मजुरांची नातवंडंही २०० व्या नगाशीच थांबली असती.

लेस्टर बदललं. बेलग्रेव्ह रोडला 'गोल्डन माइल' नाव पडलं, तिथली दिवाळी भारताबाहेरच्या मोठ्या दिवाळींत गणली जाऊ लागली. २०२१ च्या जनगणनेत शहरातले ४३ टक्के लोक आशियाई वंशाचे निघाले, गोरे ४१. नगरपालिकाच आता आपल्या विविधतेचं कौतुक सांगते.

आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, हकालपट्टीला पन्नास वर्षं होत असताना, त्याच शहरात हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव एकमेकांसमोर आले. अफवा फोनवरून पसरल्या. त्या दिवसांतल्या बातम्यांत एक वेगळी कुजबुजही होती. दमण आणि दीवहून अलीकडे आलेल्या कुटुंबांबद्दलची. डिसेंबर १९६१ पर्यंत तो मुलूख गोव्यासारखाच पोर्तुगालचा होता, म्हणून त्यांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि त्या पासपोर्टवर ते रीतसर इंग्लंडात आले. गोव्याचे कितीतरी लोक याच मार्गाने स्विंडनला गेले. लेस्टरमधले जुने रहिवासी, त्यांत आफ्रिकेतून आलेल्यांची मुलंबाळंही होती, तक्रार करत होते: एकेका घरात किती जण राहतात, गाड्या कुठेही लावतात, रात्री आवाज करतात.

२०२० साली याच शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यांत नवे स्थलांतरित ताशी साडेतीन पौंडांवर राबताना आढळले होते. कायद्याने किमान मजुरी होती ८.७२ पौंड. भाड्याची अख्खी खोली एकट्याला परवडायला तेवढे पैसे हातात पडावे लागतात.